१२३४५६७८९ ही संख्या हाताने कशी उलगडायची

मोबाइलच्या कीपॅडवर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली बोट फिरवत गेले की ही संख्या उमटते. अनेक जण ती पासवर्ड म्हणून टाकतात, चाचणीसाठी भरलेल्या खोट्या फॉर्मात ती फोन नंबर म्हणून दिसते. बारा कोटी चौतीस लाख छप्पन हजार सातशे एकोणनव्वद. इतकी ओळखीची असूनही तिचे मूळ अवयव कोणते, असे विचारले तर बहुतेक जण कॅल्क्युलेटर शोधतात. हे काम कागद-पेन्सिलीने अर्ध्या तासात होते, आणि करताना जे दिसते ते यंत्राच्या उत्तरात दिसत नाही.

मी ही संख्या पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ९ ने भाग देऊन मोकळा झालो आणि उरलेल्या संख्येला ७, ११, १३, १७ असे ओळीने भाग देत बसलो. दोन संध्याकाळी गेल्या, वहीची सहा पाने भरली. चारशेच्या पुढे पोहोचलो तरी काही लागले नाही. खरे उत्तर दुसऱ्या टोकाला, वर्गमुळाच्या अगदी शेजारी बसलेले होते. म्हणून पुढचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी अंकांकडे बघायचे, मग वर्गमुळाकडे, आणि ओळीने भागाकार अगदी शेवटी.

सामान फार नाही. चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एकच अंक लिहा. मोठ्या आकडेमोडीत बऱ्याच चुका अंक सरकल्याने होतात, आणि त्या चौकटींमुळे टळतात. समासात ६१ पर्यंतच्या मूळ संख्या लिहून ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१.

पायरी १ : अंकांची बेरीज

शेवटचा अंक ९, म्हणजे संख्या विषम. २ गेला, ५ गेला. आता अंकांची बेरीज करा. १ ते ९ ची बेरीज ४५. ४५ ला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. १०, १००, १००० यांतल्या कशालाही ९ ने भागले तर बाकी १ उरते. त्यामुळे प्रत्येक स्थानावरचा अंक ९ च्या दृष्टीने फक्त स्वतःपुरताच मोजला जातो, मग तो एककावर असो की दशकोटीवर.

यातून एक गोष्ट फुकट मिळते. १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून ज्या ३,६२,८८० संख्या तयार होतात, त्या सगळ्यांची अंकबेरीज ४५ च असते. म्हणजे त्यातली एकही मूळ संख्या नाही.

भागाकार असा चालतो. १२ मध्ये ९ एकदा, उरले ३. पुढचा ३ खाली, ३३ मध्ये तीनदा, उरले ६. ६४ मध्ये सातदा, उरला १. १५ मध्ये एकदा, उरले ६. ६६ मध्ये सातदा, उरले ३. ३७ मध्ये चारदा, उरला १. १८ मध्ये दोनदा, उरले शून्य. शेवटच्या ९ मध्ये एकदा. भागाकार आला १,३७,१७,४२१. याची अंकबेरीज २६, म्हणजे ३ चा संबंध इथे संपला. आपल्या संख्येत ३ बरोबर दोनदाच आहे.

पायरी २ : तीन-तीनचे गट

७, ११ आणि १३ साठी तीन वेगळे भागाकार करू नका. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून या तिन्ही संख्यांच्या हिशेबात १००० ची किंमत उणे १ इतकी होते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एकाआड एक वजा व अधिक करत जा. इथे एक काळजी घ्या: आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम दोन-दोन अंकांवर पडतात, ते या पायरीपुरते विसरायचे. शाळेत शिकवताना सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

७८९ − ४५६ + १२३ = ४५६

आता फक्त ४५६ तपासायचे. ७ ने भागले तर बाकी १, ११ ने भागले तर ५, १३ ने भागले तर १. तिन्ही बाद.

हेच गट नुसते मिळवले तर ९९९ ची कसोटी होते. ९९९ = २७ × ३७, त्यामुळे ३७ ही हातासरशी तपासून होतो. १२३ + ४५६ + ७८९ = १३६८, पुन्हा गट पाडून १ + ३६८ = ३६९. ३७ ने भागले तर बाकी ३६. म्हणजे फक्त एकाने चुकले, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दोन-दोनचे गट पाडून वजा-अधिक केले की १०१ ची कसोटी मिळते: ८९ − ६७ + ४५ − २३ + १ = ४५. तोही बाद.

१७ ला अशी सोपी युक्ती नाही, सरळ भागावे लागते. बाकी येते १. आता ७, १३, १७ या तिघांनी एकेकच बाकी ठेवली आहे. म्हणजे आपल्या संख्येच्या आधीच्या शेजाऱ्याला, १२,३४,५६,७८८ ला, या तिघांनी निःशेष भाग जातो. तो शेजारी सगळा छोट्या अवयवांचाच बनलेला आहे: २ × २ × ७ × १३ × १७ × ७१ × २८१. एक पाऊल पुढे टाकले की ते सगळे अवयव नाहीसे होतात, कारण लगतच्या दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक असूच शकत नाही.

पायरी ३ : वर्गमूळ

संख्या पूर्ण वर्ग आहे का हे बघताना नुसत्या शेवटच्या अंकांवर विसंबू नका. शेवटी ८९ आहे, आणि वर्गाच्या शेवटी ८९ येऊ शकते. अंकबेरीज ९ च्या पटीत आहे, तेही वर्गाला चालते. दोन्ही कसोट्या पार झाल्या तरी संख्या वर्ग असेलच असे नाही. वर्गमुळाची किंमतच काढावी लागते.

११,१११ चा वर्ग अनेकांना पाठ असतो: १२,३४,५४,३२१. आपल्या संख्येतून तो वजा करा, उरतात २४६८. पुढचा वर्ग ११,११२ चा, तो २२,२२३ ने मोठा. म्हणजे संख्या दोन वर्गांच्या मध्ये आहे, स्वतः वर्ग नाही. वर्गमूळ साधारण ११,१११.१११.

हे ११,१११ अचानक टपकलेले नाहीत. १ ला ८१ ने भागून बघा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा अपूर्णांक येतो, त्यात ८ गायब असतो. ११,१११.११११… हा अनंत चालणारा दशांश अपूर्णांक म्हणजे १,००,००० भागिले ९. त्याचा वर्ग १०,००,००,००,००० भागिले ८१, म्हणजेच १२,३४,५६,७९०.१२… इतका. आपली संख्या त्याच्यापेक्षा जेमतेम एकाने कमी आहे. आणि पुढचा शेजारी १२,३४,५६,७९० = १० × ३७ × ३,३३,६६७. ३७ एकाने का चुकला होता ते इथे कळते.

पायरी ४ : फर्माची पद्धत

उरलेल्या १,३७,१७,४२१ चे वर्गमूळ साधारण ३७०३.७. ओळीने भाग देत गेलो तर ३७०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायची तयारी हवी. ते काम हाताने कोणी करू नये.

सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती पिएर द फर्मा व्यवसायाने कायद्याच्या क्षेत्रातले होते. त्यांनी उलट बाजूने विचार केला. कोणत्याही विषम संयुक्त संख्येचे दोन अवयव घ्या. त्यांची सरासरी ‘अ’ आणि त्या सरासरीपासून प्रत्येकाचे अंतर ‘ब’ मानले, तर एक अवयव अ − ब आणि दुसरा अ + ब. गुणाकार अ² − ब². म्हणजे आपल्याला असा ‘अ’ शोधायचा आहे की अ² मधून संख्या वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरेल. शोध वर्गमुळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरू करायचा.

सुरू करण्याआधी दोन चाळण्या लावून घ्या, त्यांनी काम निम्म्याहून कमी होते.

पहिली चाळणी ४ ची. १,३७,१७,४२१ ला ४ ने भागले तर बाकी १ (शेवटचे २१ बघितले तरी पुरते). विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, समच्या वर्गाला शून्य. अ² − ब² ची बाकी १ यायची तर ‘अ’ विषमच हवा. सगळे सम ‘अ’ बाद.

दुसरी चाळणी शेवटच्या दोन अंकांची. पूर्ण वर्गाच्या शेवटी दोन अंकांच्या फक्त २२ जोड्या येऊ शकतात: ००, ०१, ०४, ०९, १६, २१, २४, २५, २९, ३६, ४१, ४४, ४९, ५६, ६१, ६४, ६९, ७६, ८१, ८४, ८९, ९६. ही यादी समासात लिहून ठेवा. वजाबाकी करून या बाहेरचे काही आले की वर्गमूळ काढायचे कष्ट वाचले.

आता प्रत्यक्ष. ३७०४ हा ३७०३.७ च्या वरचा पहिला पूर्णांक. तो सम आहे, म्हणून सोडायला हरकत नाही, पण चाळणीवर विश्वास बसावा म्हणून एकदा करून बघू. ३७०४² = १,३७,१९,६१६. वजा १,३७,१७,४२१, उरले २१९५. शेवटी ९५, यादीत नाही. बाद.

३७०५ साठी नव्याने गुणाकार करायचा नाही. आधीच्या वर्गात ३७०४ + ३७०५ म्हणजे ७४०९ मिळवा: १,३७,२७,०२५. वजा १,३७,१७,४२१.

उरले ९६०४.

शेवटी ०४, यादीत आहे. आणि १०० चा वर्ग १०,००० असतो, त्याच्या जरा खाली ९८ चा वर्ग ९६०४. सापडले. अ = ३७०५, ब = ९८.

३७०५ − ९८ = ३६०७
३७०५ + ९८ = ३८०३

गुणून पडताळा: ३६०७ × ३८०० = १,३७,०६,६००; ३६०७ × ३ = १०,८२१; बेरीज १,३७,१७,४२१. २ पासून ओळीने भाग देत निघालो असतो तर ३६०७ ही पाचशे चौथी मूळ संख्या आहे. इथे दोन वजाबाक्यांत काम झाले.

पायरी ५ : मिळालेले अवयव खरोखर मूळ आहेत का

६० चा वर्ग ३६००, ६१ चा ३७२१, ६२ चा ३८४४. म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंत आणि ३८०३ साठी ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघणे पुरेसे आहे. समासातली यादी इथे कामी येते. २, ३, ५ लगेच जातात, राहतात १४ आणि १५ भागाकार. जवळून हुकणारी काही उदाहरणे अशी: ३६०७ ला ७ ने भागल्यास बाकी २, १७ ने भागल्यास ३, ५३ ने भागल्यास पुन्हा ३, ३८०३ ला १९ ने भागल्यास बाकी ३. एकानेही निःशेष भाग जात नाही. दोन्ही मूळ.

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

पायरी ६ : विभाजक आणि त्यांच्यावरून निघणाऱ्या गोष्टी

मूळ अवयव एकदा हाती आले की बाकीचे गुणधर्म झरझर येतात. विभाजकांची संख्या काढायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ३ चा घातांक २, बाकी दोघांचा १, म्हणून ३ × २ × २ = १२. ते जोड्यांनी लिहा, म्हणजे एकही सुटत नाही:

१ × १२,३४,५६,७८९
३ × ४,११,५२,२६३
९ × १,३७,१७,४२१
३६०७ × ३४,२२७
३८०३ × ३२,४६३
१०,८२१ × ११,४०९

शेवटची जोडी वर्गमुळाच्या किती जवळ आहे ते बघा. तिची सरासरी ११,११५ आणि अंतर २९४. म्हणजे ११,११५² − २९४² ही आपलीच संख्या. ९ ने न भागता सुरुवातीपासूनच फर्माची पद्धत लावली असती, तरी ११,११३ आणि ११,११५ असे दोनच विषम ‘अ’ तपासावे लागले असते. सहा जोड्या आहेत म्हणून ही संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीने बरोबर सहा प्रकारे लिहिता येते. दोन वर्गांच्या बेरजेने मात्र ती कधीच लिहिता येणार नाही, कारण ३६०७ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि तो अवयव एकदाच आला आहे.

सर्व विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. यातून स्वतः संख्या वजा केली की उरतात ५,४९,६६,०२७. संख्येच्या निम्म्यालाही हे पोहोचत नाहीत, म्हणून ती न्यून संख्या. परिपूर्ण संख्येत, उदाहरणार्थ ६ किंवा २८ मध्ये, ही बेरीज बरोबर संख्येइतकीच भरते.

तिच्याशी सहमूळ असणाऱ्या, तिच्यापेक्षा लहान संख्या किती? ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्राने (९ − ३) × (३६०७ − १) × (३८०३ − १), म्हणजे ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२.

पायरी ७ : उलटी संख्या आणि कापरेकर

आता ९८,७६,५४,३२१ घ्या आणि दोघींचा मसावि काढा. मोठीला लहानीने भागा. भागाकार ८, बाकी ९. आणि ९ ने लहानीला निःशेष भाग जातो, म्हणून मसावि ९. दोन नऊ अंकी संख्यांचा मसावि एका भागाकारात संपला. याचेच दुसरे रूप: १२,३४,५६,७८९ × ८ + ९ = ९८,७६,५४,३२१.

२, ४, ५, ७ आणि ८ ने गुणून बघा. २४,६९,१३,५७८, ४९,३८,२७,१५६, ६१,७२,८३,९४५, ८६,४१,९७,५२३, ९८,७६,५४,३१२. प्रत्येक गुणाकारात १ ते ९ अंक पुन्हा एकेकदाच येतात. ३ आणि ६ ने गुणले की हे मोडते.

महाराष्ट्रातल्या गणितप्रेमींना इथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवायचे. ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा: ७६४१ − १४६७ = ६१७४, संख्या स्वतःकडेच परत येते. हीच क्रिया आपल्या नऊ अंकांवर करा.

९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२

उत्तरातही १ ते ९ सगळे अंक एकेकदा. म्हणून त्यावर पुन्हा तीच क्रिया केली तर पुन्हा तेच उत्तर. ६१७४ ची ही नऊ अंकी बहीण. आणि ती आपल्या संख्येच्या सातपटीत ९ मिळवून तयार होते, कारण ८ पट अधिक ९ मधून एक पट वजा झाली. सातपट ८६,४१,९७,५२३, आणि ही ८६,४१,९७,५३२.

पद्धत कुठे चालत नाही

फर्माची पद्धत प्रत्येक संख्येला लागू पडत नाही, आणि याचा सगळ्यात चांगला धडा उलट्या संख्येतच मिळतो. ९८,७६,५४,३२१ ला ९ ने भागले की १०,९७,३९,३६९ उरतात. वर्गमूळ साधारण १०,४७५. इथे फर्माच्या वाटेने गेलात तर विषम ‘अ’ घेऊनही जवळपास नव्वद हजार प्रयत्न होतात. १७ ने भागून बघा: ६४,५५,२५७. पुन्हा १७ ने: ३,७९,७२१, आणि ही मूळ संख्या आहे. म्हणजे ९८,७६,५४,३२१ = ३² × १७² × ३,७९,७२१. तेच नऊ अंक, पण एकीचे अवयव वर्गमुळाजवळ आणि दुसरीचे तळाशी. म्हणून कुठलीही अनोळखी मोठी संख्या आली की मी दोन्ही टोकांकडून थोडे थोडे काम करतो: खालून शंभरपर्यंतच्या मूळ संख्या, वरून फर्माचे दहा-वीस ‘अ’. त्यानंतरच यंत्राला हात लावतो.

हे जुने तंत्र आजही कामाचे आहे. इंटरनेटवरच्या सुरक्षेसाठी वापरली जाणारी आरएसए पद्धत १९७७ ची. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार फोडणे अवघड, यावर ती उभी आहे. पण त्या दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ निवडल्या, तर फर्माच्या याच वजाबाकीने कुलूप उघडते. म्हणून त्या एकमेकींपासून पुरेशा लांब आहेत याची खात्री करावी लागते.

स्वतः करून बघा

फर्मांनी १६४३ च्या सुमारास आपल्या पद्धतीचे उदाहरण म्हणून जी संख्या फोडली, तीच घ्या: २०२७६५१२८१. वर्गमूळ ४५,०२९ च्या किंचित वर. फर्मांनी ४५,०३० पासून ४५,०४१ पर्यंत बारा प्रयत्न केले. तुम्ही ४ ची चाळणी लावा, फक्त विषम ‘अ’ उरतील, म्हणजे सहाच. दोन अंकांची यादी लावा, त्यातले चार वर्गमूळ न काढताच पडतील. ४५,०३५ वर जरा थांबावे लागेल: वजाबाकी ४,९९,९४४ येते, शेवटी ४४ असल्याने ती चाळणीतून निसटते, पण ७०७ आणि ७०८ च्या वर्गांमध्ये अडकते. मग ४५,०४१ घ्या. वजाबाकी १०,४०,४००. हे १०२० चा वर्ग आहे का ते तपासा, आणि दोन्ही अवयव वहीत लिहा.